अकरा चुका

पहिल्या वर्षी ताईला चारशेपैकी दोनशे अडुसष्ट गुण पडले आणि बारकीला एकशे एकाहत्तर. सरकारी अभियांत्रिकी कॉलेजची यादी त्या साली दोनशे पंच्याऐंशीला बंद झाली. म्हणजे दोघीही बाहेरच. पण ताईची आई, म्हणजे बारकीची मावशी, जिन्यात भेटेल त्याला सांगायची, "आमची सतरा गुणांनी राहिली हो." बारकी किती गुणांनी राहिली, हे कुणी विचारतही नसे.

दोघी मावसबहिणी. ताई आठ महिन्यांनी मोठी, आणि तेवढ्या भांडवलावर तिला जन्मभराचं ताईपण मिळालं होतं. राहायच्या एकाच इमारतीत. ताई तिसऱ्या मजल्यावर, बारकी पहिल्या. बारकीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे आणि त्यांच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती, यावर नवा येणारा प्रत्येक पाहुणा एक विनोद करून घ्यायचा. आई घरी मशीनवर कपडे उसवून-शिवून द्यायची. मावशी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर होती. वीस वर्षं लोकांचे अर्ज वाचून तिचं बोलणंही अर्जासारखं झालं होतं: आधी विषय, मग मुद्दे, शेवटी विनंती.

निकालानंतर आठवडाभरानं ताईच खाली आली. "तुझं काय चुकलं ते मी बघते," ती बारकीला म्हणाली, "आणि माझं तू बघ. स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत."

असं ते सुरू झालं. दर रविवारी सकाळी बारकीच्या घरी, कपड्यांचे गठ्ठे बाजूला सारून, दोघी घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका सोडवायच्या. मग पेपरांची अदलाबदल. ताईला सगळं यायचं, पण वेळ पुरायचा नाही. एकेका गणिताला ती चिकटून बसायची. बारकीचं नेमकं उलट. धडाधड उत्तरं ठोकायची आणि बरोबर उत्तराला चार गुण असले तरी चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात हे विसरायची. चुकलेला प्रत्येक प्रश्न आणि तो का चुकला, हे एका जाड वहीत जायचं. दाराच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं आकडे लिहिलेले असायचे, दोघींचे शेजारी शेजारी. एकशे नव्वद, एकशे अठ्ठ्याऐंशी, दोनशे चौदा. बारकीचा आकडा दर महिन्याला थोडा वर सरकत होता.

एका रविवारी बारकीला दोनशे शहात्तर पडले आणि ताईला दोनशे एकाहत्तर. ताईनं पेपर दोनदा तपासला. मग आकडे दारावर लिहिले, पेन्सिल खाली ठेवली आणि "डोकं दुखतंय" म्हणून वर निघून गेली. पुढच्या रविवारी मात्र वेळेवर हजर. त्या पाच गुणांबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत.

परीक्षेचे अर्ज त्यांनी एकाच खिडकीवर, एकामागोमाग भरले. त्यामुळे क्रमांक लागोपाठ आले आणि हॉलमध्ये बाकंही मागेपुढे. बारकी पुढे, ताई तिच्या मागे.

दुसरा निकाल लागला तेव्हा ताईला तीनशे नऊ होते आणि बारकीला तीनशे एक. पण दोघींच्याही आकड्यांपुढे एक फुली होती आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: निकाल तपासणीसाठी राखून ठेवला आहे.

चार दिवसांनी पत्रं आली, दोन्ही घरी एकाच मजकुराची. दोन उत्तरपत्रिकांमध्ये अकरा चुकीची उत्तरं तंतोतंत सारखी आढळली होती. गुरुवारी सकाळी दहा वाजता पालकांसह चौकशीला हजर राहावं. समाधानकारक खुलासा न झाल्यास दोघींचे निकाल रद्द होतील आणि तीन वर्षं परीक्षेला बसता येणार नाही. शेवटी आणखी एक ओळ होती: दोघींपैकी एकीनं गैरप्रकार लेखी मान्य केल्यास दुसरीचा निकाल तात्काळ जाहीर करण्यात येईल.

आईनं ती ओळ मोठ्यानं वाचली, पत्राची घडी घातली आणि पुन्हा उघडली.

"सारखी बरोबर उत्तरं आली तर कुणी काही बोलत नाही," बारकी म्हणाली. "सारखं चुकलं तर गुन्हा."

"बरोबर उत्तर एकच असतं," बाबा म्हणाले. "चुका हव्या तितक्या करता येतात. दोघींनी तीच निवडली, म्हणून त्यांना संशय आला. मीही घेतला असता."

"बाबा, मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही."

"मला माहीत आहे. त्यांना कसं कळणार, ते मी बोलतोय."

बारकी वर गेली. दार मावशीनं उघडलं, अर्धंच. ताई झोपलीय म्हणाली. सकाळचे अकरा वाजले होते. दुसऱ्या दिवशीही ताई झोपलेलीच होती. फोन केला तर बंद. त्या दोन दिवसांत इमारतीत कुजबुज पसरली. तळमजल्यावरच्या बाई आईकडे साडीला फॉल लावायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "एकशे एकाहत्तरवरून एकदम तीनशे एक म्हणजे कमालच म्हणायची." आईनं साडी तशीच परत दिली. म्हणाली, हातात काम फार आहे.

मंगळवारी संध्याकाळी मावशी स्वतः खाली आली. तिच्या हातात ऑफिसचा लांब लिफाफा होता. खुर्चीत बसली, पाणी घेतलं, आणि आईकडे बघून बोलायला लागली, जणू बारकी खोलीत नव्हतीच.

"मी सगळा विचार केलाय. दोघी बुडण्यापेक्षा एक तरली तर बरं. तुझ्या मुलीचे गुण एका वर्षात एकशे तीसनं वाढलेत. माझीचे एक्केचाळीस. कुणीही तिऱ्हाईत माणूस कागद समोर ठेवून बघेल, तर काय म्हणेल?"

"काय म्हणेल, अक्का?" आईनं विचारलं.

"तूच सांग."

"तो म्हणेल, पुढे बसलेलीला मागचं दिसतं कसं? माझ्या मुलीच्या पाठीला डोळे आहेत का?" आईचा आवाज चढला नाही, पण मशीनच्या चाकावरचा हात घट्ट झाला. "मागे तुझी होती."

मावशीनं लिफाफा मांडीवर आडवा केला. तो मुद्दा तिला माहीत होता. त्याच्याच भीतीनं ती आली होती. मग तिनं लिफाफ्यातून कागद काढला. सुवाच्य, गोल अक्षर, डावीकडे समास सोडलेला. बारकीच्या नावानं लिहिलेला अर्ज. परीक्षेच्या वेळी मी मागे वळून माझ्या बहिणीची उत्तरं पाहिली, तिला याची कल्पना नव्हती, तरी तिच्यावर अन्याय होऊ नये ही नम्र विनंती. खाली सहीसाठी जागा.

"आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस," मावशी बहिणीला म्हणाली. "तुला मी वाढवलं. शाळा सोडून घरी बसले. कधी बोलून दाखवलं? आजही दाखवलं नसतं."

बारकी आईकडे बघत होती. आई अक्काच्या शब्दाबाहेर कधी गेली नव्हती. लग्नाची तारीखसुद्धा अक्कानं ठरवलेली. आता ती काय म्हणेल, हे बारकीला खरोखर कळत नव्हतं, आणि त्या पत्रापेक्षाही तिला त्याचीच भीती वाटली.

"तिचं नाव लिहिलंयस," आई शेवटी म्हणाली. "तिलाच विचार."

मावशीनं कागद बारकीपुढे धरला. बारकीनं तो हातात घेतला, वाचला. मग तिनं तो टेबलावर ठेवला.

"ताईला माहीत आहे हे?"

"तिचा विचार करूनच करतेय मी."

"तिला माहीत आहे का, मावशी?"

मावशी उठली. "गुरुवारपर्यंत वेळ आहे," ती म्हणाली आणि कागद तिथंच ठेवून गेली.

बाबा कामावरून आले तेव्हा आईनं तो त्यांच्यापुढे टाकला. त्यांनी उभ्या उभ्याच वाचला. "लिफ्ट मधेच अडकली की आतली माणसं आधी एकमेकांवर ओरडतात," ते म्हणाले. "तू का जोरात दाबलंस, तू का आत घुसलास. घंटेचं बटण शेजारीच असतं, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही." मग बारकीला विचारलं, "तुमच्या त्या वहीचं काय झालं?"

"ताईकडे आहे. परीक्षेच्या सकाळी तिनं नेली होती."

"मग ती मागा."

पण वर कुणी दार उघडलं नाही.

गुरुवारी बारकी आणि आईबाबा तिघं पावणेदहालाच परीक्षा मंडळाच्या इमारतीत पोचले होते, आणि मावशी-ताई दहाला पाच कमी असताना. लांब व्हरांडा, भिंतीला टेकवलेली बाकं, तीन दारं सोडून एक पंखा. ताईनं बारकीकडे पाहिलं नाही. तिनं खांद्यावरची पिशवी छातीशी धरली होती. मावशी तिच्या आणि बाकीच्यांच्या मधे बसली.

आधी बारकीला बोलावलं. आत एक मोठं टेबल, त्यामागे तीन माणसं: चष्म्याला दोरी लावलेल्या अध्यक्षबाई, गणिताचे एक वयस्क प्राध्यापक, आणि लिहून घेणारा कारकून. पालकांना बाहेर थांबायला सांगितलं. अध्यक्षबाईंनी दोन्ही उत्तरपत्रिका तिच्यापुढे सरकवल्या. अकरा ठिकाणी लाल गोल होते.

"तुमच्याकडे लेखी काही द्यायचं आहे?"

मावशीचा अर्ज बारकीच्या पर्समध्ये होता. तो घरी का ठेवला नाही, हे तिला स्वतःलाच सांगता आलं नसतं. "नाही," ती म्हणाली.

"मग या अकरा उत्तरांचा खुलासा करा."

तिनं सांगितलं. रविवार, घड्याळ, अदलाबदल, वही. बोलता बोलता तिला जाणवलं की हे सगळं कुणीही रचून सांगू शकेल.

"वही कुठे आहे?"

"माझ्या बहिणीकडे."

"ती आणेल असं तुम्हाला वाटतं?"

बारकीनं दाराकडे पाहिलं. "माहीत नाही," ती म्हणाली. "चार दिवस आम्ही बोललो नाही."

कारकुनानं तेही लिहून घेतलं. प्राध्यापक इतका वेळ गप्प होते. ते उठले आणि भिंतीवरच्या फळ्यावर त्यांनी एक उदाहरण लिहिलं. अंतर्गोल भिंग, नाभीय अंतर वीस सेंटिमीटर, वस्तू तीस सेंटिमीटरवर. प्रतिमा कुठे पडेल?

"सोडवा. घाई नाही."

एवढं सोपं कशाला दिलं, असं बारकीला वाटलं. तिनं खडू घेतला, चार ओळींत सोडवलं आणि शेवटी साठ लिहिलं. त्याच्याभोवती चौकट काढली.

"भिंगाचं नाभीय अंतर धन का घेतलंत?"

"आरशात जे चिन्ह, त्याच्या उलट भिंगात. अंतर्गोल आरशाचं ऋण, म्हणून अंतर्गोल भिंगाचं धन."

"असं कुठे वाचलंत?"

"वाचलं नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात शेवटची उजळणी करताना मीच वहीत असं सोपं करून लिहिलं. ताईनं त्यावरूनच पाठ केलं."

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. "हे चूक आहे," ते म्हणाले. "अंतर्गोल भिंगाचंही ऋणच. उत्तर बारा येतं, आणि प्रतिमा वस्तूच्याच बाजूला. या लाल गोलांपैकी चार प्रश्न भिंगांचे आहेत."

बारकी फळ्याकडे बघत राहिली. तीन लोकांसमोर आपण ठामपणे चुकलो याची लाज आधी आली. मग तिच्या लक्षात आलं की ताईचे चार प्रश्न तिच्यामुळे गेले. आणि या सगळ्याचा अर्थ नक्की काय होतो, हे ध्यानात येण्याआधीच कारकून उठला आणि त्यानं तिच्यासाठी दार उघडलं. प्राध्यापक ओल्या फडक्यानं फळा पुसत होते.

मग ताई आत गेली. बारकीला तिच्याशी बोलता येऊ नये म्हणून कारकून दोघींच्या मधून चालला.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. मावशी सारखी उठून दारापर्यंत जात होती. आई हातातल्या रुमालाची कड उलगडत होती. ती कड तिनंच कधीतरी घातली असणार. बाबा जिन्याजवळच्या लिफ्टपाशी जाऊन उगाच तिचं दार बघून आले. चाळिसाव्या मिनिटाला ताई बाहेर आली. डोळे लाल होते. ती मावशीजवळ न थांबता सरळ व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या नळाकडे गेली.

बारकी तिच्या मागे गेली. कुणी अडवलं नाही.

ताईनं तोंडावर पाणी मारलं. "वही दिली मी त्यांना," ती म्हणाली.

बारकीनं सुटकेचा श्वास घेतला, पण ताई पुढे बोलत होती.

"आधी दुसरं दिलं होतं. आईनं माझ्या नावानं पण एक लिहिलं होतं. की तू दोनतीनदा मागे वळलीस, मी पाहिलं." तिनं नळ बंद केला. "दोन्ही पिशवीत होतं, वही आणि कागद. आत जाईपर्यंत काही ठरलं नव्हतं. त्यांनी लेखी काही आहे का विचारलं, आणि माझा हात कागदावरच गेला. मी तो टेबलावर ठेवला."

बारकीनं पर्सचा पट्टा खांद्यावर ओढून घेतला.

"मग त्यांनी भिंगाचं उदाहरण दिलं. मी साठ काढलं. ते म्हणाले, तुमच्या बहिणीनंही साठच काढलं, आणि हा नियम आपणच वहीत लिहिला असं तिनं सांगितलं. तू माझ्यावर काहीच ढकललं नव्हतंस. मी कागद परत मागितला. बाई म्हणाल्या, आमच्याकडे आलेला कागद आम्ही परत देत नाही. मग प्राध्यापक म्हणाले, हा अजून कुणी वाचलेला नाही, आणि त्यांनीच तो उचलून माझ्या हातात दिला."

"म्हणजे तू दिला होतास."

"दिला होता."

"मला हे सांगितलं नसतंस तर चाललं असतं."

"नसतं चाललं," ताई म्हणाली. "मला नसतं चाललं."

बारकी वळून आईजवळ येऊन बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. पर्समधला अर्ज काढून तिनं त्याचे चार तुकडे केले आणि मावशीच्या देखत व्हरांड्यातल्या टोपलीत टाकले. मावशी भिंतीकडे बघत राहिली.

निर्णय सोमवारी कळला. वहीतल्या नोंदींमुळे अकरापैकी आठ चुकांचा उलगडा होत होता. उरलेल्या तीन योगायोगात बसत होत्या. दोघींचे निकाल कायम झाले.

पण त्याच आठवड्यात पहिली यादी लागली, आणि ती तीनशे चारला बंद झाली. ताई आत, बारकी तीन गुणांनी बाहेर. भिंगांचे चार प्रश्न बरोबर आले असते तर वीस गुण वाढले असते, हा हिशोब घरात कुणी मोठ्यानं केला नाही, पण आईनं एकदा जेवताना घास हातात धरून विचारलं, "एका भिंगाला इतकं महत्त्व कशाला देतात गं?" आणि बारकीला कितीतरी दिवसांनी हसू आलं.

दुसरी यादी तीनशे दोनला थांबली. एका गुणानं. त्या रात्री बारकी जेवली नाही. तिसऱ्या यादीची तारीख नक्की नव्हती. कॉलेजच्या फलकावर लागेल तेव्हा लागेल, आणि लागल्यापासून एका दिवसात हजर व्हायचं. बाबांना कामावरून निघता यायचं नाही. बारकी रोज दुपारी जाऊन यायची.

एका सकाळी साडेनऊला फोन वाजला. मावशी होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"यादी लागली. तीनशेवर बंद झालीय. तुझं नाव खालून तिसरं आहे. मूळ कागदपत्रं आणि दोन फोटो घेऊन लगेच ये. मी रांगेत उभी आहे, माझ्या मागे बावीस माणसं आहेत."

मावशी गेले नऊ दिवस ऑफिसला जाण्याआधी वाट वाकडी करून तो फलक बघत होती, हे नंतर ताईकडून कळलं. तिनं स्वतः कधी सांगितलं नाही. बारकी धापा टाकत पोचली तेव्हा तिनं रांगेतली जागा तिला दिली आणि ऑफिसला उशीर झाला म्हणून निघून गेली.

संध्याकाळी मावशी खाली आली. आईनं खुर्ची दिली, पण मशीन थांबवलं नाही.

"मी बोलायला आलेय," मावशी म्हणाली.

"माझ्याशी नको, अक्का. तिच्याशी बोल."

मावशी बारकीकडे वळली. या वेळी तिच्या बोलण्याला विषय, मुद्दे काही नव्हते. "मी तुझ्या नावानं तो अर्ज लिहिला," ती म्हणाली. "लिहायला नको होता."

"हो," बारकी म्हणाली.

मावशी आणखी कशाची तरी वाट बघत थांबली. खोटं बोलायची बारकीची इच्छा नव्हती. मशीन चालू होतं. आईनं एका शर्टाची बाही संपवली, धागा तोडला आणि चहा ठेवायला आत गेली.

"सोमवारी पहिला दिवस," मावशीनं जरा वेळानं विचारलं. "दोघी बरोबर जाल ना?"

"मी साडेआठला निघणार आहे," बारकी म्हणाली. "तिला यायचं असेल तर तिनं खाली यावं."